आठ जनावरं, चांगली घरं: प्रकल्प नोंदी

१ जानेवारी
कळप तेरा जनावरांचा, आणि भाड्याने घेतलेलं चराऊ रान मार्चअखेर सोडायचं आहे. उरलेल्या जागेत, साठवलेल्या चाऱ्यावर आणि आमच्या दोघींच्या हातांवर पाच शेळ्या नीट निभावतील. म्हणजे आठ जायला हव्यात.

आत्या आणि मी बसून नावं काढली. भुरी, तिची मुलगी टिकली, गौरी, ढवळी, पिंगी, काळी, खंड्या आणि राजा. राहणार चांदी, रेवा आणि तीन पाटी (अजून न व्यायलेल्या तरुण माद्या). राजाचं ठरवायला वेळ लागला नाही. या तिन्ही पाटी त्याच्याच मुली आहेत, त्या माजावर यायच्या आत हा सानेन जातीचा बोकड इथून हलला पाहिजे. ढवळीच्या नावाशी मात्र दोघीही बराच वेळ गप्प होतो.

"चांगल्या घरी देऊ" असं मी दोनदा म्हटल्यावर आत्या म्हणाली, "अगं, चांगलं घर म्हणजे काय ते आधी लिही. नाहीतर गोड बोलणारा पहिला माणूस तुला चांगलाच वाटणार."

मग लिहिलं. उद्या पहाटे आणि उद्या संध्याकाळी धार काढणारं माणूस कोण, आणि ते आजारी पडलं तर दुसरं कोण. शेळी एकटी राहणार नाही. शेळीला हात लावणारा पशुवैद्य आवाक्यात आहे (सगळेच लावत नाहीत). चारा आजपुरता नाही, पुढच्या वेतापर्यंतचा विचार झालेला आहे. आणि शेळी म्हातारी झाली, आटली, गाभण राहीनाशी झाली तर तिचं काय करणार, याचं उत्तर आजच माहीत आहे. ते उत्तर मला आवडलं नाही तरी चालेल, पण असायला हवं.

३ जानेवारी
प्रत्येकीचं एक पान. जन्म, आईबाप, किती वेतं, शेवटी कधी व्यायली, दूध, लसी, जंतनाशक कधी आणि कोणतं, कोणता आजार होऊन गेला. औषध दिल्यावर दूध किती दिवस वापरायचं नाही, तेही त्याच ओळीत. घेणाऱ्याने दुसऱ्याच दिवशी दूध पोरांना प्यायला दिलं तर हीच ओळ कामाची.

दूध अंदाजाने लिहायचं नाही असं ठरवलं. सकाळ आणि संध्याकाळ वेगवेगळं मोजून तारखेसह. काळी आज २.६ लिटर. व्याल्यानंतर दीड-दोन महिन्यांनी तिचं दूध सगळ्यात वर होतं तेव्हा ३.४ होतं. दोन्ही आकडे पानावर आहेत, कारण नुसता वरचा आकडा सांगणं म्हणजे कुणाचं तरी लग्नातलं छायाचित्र दाखवून स्थळ ठरवण्यासारखं आहे. ढवळी ८०० मिली, तेही एकाच सडातून. दुसरी बाजू जुन्या कासदाहानंतर कायमची गेली.

दातही पाहून घेतले. शेळीला पुढचे दात खालच्याच जबड्यात, आठ. साधारण वर्षाच्या सुमारास दोन दाती, मग दरवर्षी एक जोडी, आणि चौथ्या वर्षाच्या आसपास जुळते. त्यानंतर दातांवरून वय सांगणं म्हणजे अंदाजच. ढवळीचे दात फाकलेत, झिजलेत. तिचं वय नोंदीप्रमाणे आठ आणि दातही तेच सांगतात, हे बरं.

४ जानेवारी
टिकलीची तारीख मांडली. राजाने २० ऑक्टोबरला भरवली, तिथून १५० दिवस म्हणजे १९ मार्च. पोटातल्या करडांची निम्म्याहून जास्त वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. शेवटच्या महिन्यात गाडीत घालायची नाही, आणि नव्या गोठ्यातल्या जंतूंविरुद्धची ताकद चिकात उतरायची तर व्यायच्या आधी तिला तिथे काही आठवडे मिळायला हवेत. म्हणून टिकली जायची तर फेब्रुवारीच्या मध्याआधी, नाहीतर व्याल्यानंतरच. बाकी सगळं पुढेमागे चालेल, ही एक तारीख हलणार नाही.

६ जानेवारी
कोण कुणाबरोबर जाईल याचा विचार. गव्हाणीपाशी, पाण्यापाशी आणि दुपारी रवंथ करताना कोण कुणाला टेकून बसतं ते पाहिलं. भुरी आणि टिकली अजून एकमेकींना चिकटून असतात, त्यांची जोडी मोडायची नाही. पिंगी कुणाचीच नाही. ती सगळ्यांना हाकलते, आणि डोक्यावर शिंगं असलेली मोठ्यांत ती एकटीच. राजा जन्मतःच बिनशिंगी, बाकीच्यांचे शिंगांचे कोंब लहानपणी डागलेले. शिंगं नसलेल्या कळपात शिंगवाली नवी शेळी सोडली तर पहिल्या आठवड्यात कुणाची तरी कास किंवा बरगडी जाते. पिंगीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं: शिंगं असलेल्या कळपातच.

खंड्या म्हणजे खच्ची केलेला बोकड. ना दूध, ना पैदास. त्याला कोण घेणार, हा प्रश्न मला होता, आत्याला नव्हता. ती म्हणाली, "एकच शेळी हवी म्हणणारे येतीलच. त्यांना दुसरी दुभती झेपणार नाही, पण सोबत लागेल."

८ जानेवारी
पशुवैद्य रक्त घेऊन गेले. सगळ्या तेरांचं, विकायच्या आठांचंच नव्हे. सीएई, म्हणजे शेळ्यांचे सांधे आणि कास धरणारा विषाणू, आणि ब्रुसेला, म्हणजे गाभ पाडणारा जिवाणू. ब्रुसेला माणसाला होतो, कच्च्या दुधातून आणि व्यायच्या वेळच्या स्रावातून, म्हणून तो अहवाल हातात आल्याशिवाय कुणालाही इथे धार काढून बघू द्यायची नाही असं ठरलं. जबड्याखाली, खांद्यापुढे आणि कासेच्या वर गाठी आहेत का ते बोटांनी चाचपलं. पूच्या गाठींचा तो आजार एकदा गोठ्यात शिरला की मातीतही टिकून राहतो. आमच्याकडे गाठ नाही. लेंड्यांचे नमुनेही गेले, जंतांच्या अंड्यांची मोजणी करायला. न बघता सगळ्यांना जंतनाशक पाजून "नुकतंच दिलंय" म्हणून सांगणं सोपं असतं, पण त्यानेच औषधाला दाद न देणारे जंत तयार होतात आणि विकलेल्या जनावराबरोबर तेही घर बदलतात. डोळ्याच्या पापणीआतला रंग फमाचा कार्डाशी ताडून पाहिला (जंतांनी रक्त किती कमी केलंय ते त्यावरच्या पाच रंगांवरून कळतं, पहिला सगळ्यात चांगला). भुरी तिसऱ्या रंगावर, बाकीच्या पहिल्या-दुसऱ्यावर.

१२ जानेवारी
जाहिरात लिहिली. तिसरा खर्डा ठेवला, कारण पहिल्या दोन्हींत "शांत स्वभावाची, भरपूर दूध" असलं काहीतरी होतं आणि ते कुठल्याही शेळीला लागू पडतं. ढवळीचं उदाहरणादाखल इथे उतरवते:

"ढवळी. वय ८, पाच वेतं. एकच सड चालू, दुसऱ्या बाजूला जुन्या कासदाहाने दूध नाही. सध्या दिवसाला ८०० मिली. धारेला उभी राहते, बांधावी लागत नाही. पुन्हा गाभण घालू नये असं माझं मत. दोन माणसांच्या घराला पुरेल. एकटी देणार नाही."

आत्याने वाचून विचारलं, यानंतर कोण घेईल हिला? मी म्हटलं, हे वाचूनही जो फोन करेल, तोच.

किंमत सगळ्यांना लावली, खंड्यालाही. फुकट मिळतंय म्हणून नेणाऱ्याने कुंपणाचा विचार केलेला असेल असं नाही.

१४ जानेवारी
दिवसभर फोन. बहुतेकांचा पहिला प्रश्न किती दूध, दुसरा शेवटचं किती घ्याल. त्यात वाईट काही नाही, पण संभाषण तिथेच संपलं तर मी पुढे ढकलत नाही. मला कान द्यावेसे वाटतात ते असे प्रश्न: सध्या काय खायला घालता? धार कधी काढता, आधी कोणती बाजू? कोणाच्या शेजारी बांधता? एका बाईंनी विचारलं, "तुम्ही ही का विकताय, आणि दुसरी का नाही?" त्यांचं नाव वहीत वर लिहून ठेवलं. टिकली-भुरीची जाहिरात त्यांनी वाचली होती.

एका व्यापाऱ्याचा फोन. आठही जनावरं एकदम, रोख, गाडी त्याची, परवा सकाळी. खोटं कशाला बोलू, मोह झाला. व्यापारी वाईटच असतो असं मी मानत नाही; काहींना माझ्यापेक्षा शेळी जास्त कळते. पण त्याच्याकडून ती पुढे कुणाकडे जाणार हे त्यालाही आज ठाऊक नसतं, आणि नोंदीचं पान जनावराबरोबर बाजारात पोचत नाही. भुरी-टिकली पहिल्याच दिवशी वेगळ्या होतील. नको म्हटलं.

एक फोन पाच महिन्यांच्या बाळाला पाजायला शेळी हवी म्हणून. समोर आजोबा होते, आवाजात काळजी होती. शेळी विकायची बाजूला ठेवून त्यांना सांगितलं की वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी शेळीचं नुसतं दूध देऊ नये. त्यात फोलेट फार कमी असतं, बाळाला रक्तक्षय होऊ शकतो, शिवाय क्षार आणि प्रथिनांचं ओझं कोवळ्या मूत्रपिंडांवर पडतं. आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. ते म्हणाले, "बरं झालं बोललात." शेळीचं पुढे काही निघालं नाही.

१७ जानेवारी
अहवाल आले. ब्रुसेला सगळ्यांचा निगेटिव्ह. जंतांची अंडी भुरीत जास्त, तिला वजन करून औषध दिलं, तारीख पानावर. सीएई बारांचा निगेटिव्ह. गौरीचा पॉझिटिव्ह.

गौरी पहिल्या वेताची, गेल्या वर्षी बाहेरून आणलेली. सांधे नीट, कास मऊ, चालणं सरळ. या विषाणूचं असंच असतं. बऱ्याच शेळ्या आयुष्यभर काही दाखवत नाहीत, काहींचे पुढचे गुडघे वर्षा-दोन वर्षांनी सुजतात, काहींची कास दगडासारखी होऊन दूध उतरत नाही. औषध नाही, लस नाही. माणसाला होत नाही. पसरतो मुख्यतः आईच्या चिकातून आणि दुधातून करडाला, आणि दीर्घकाळ जवळ राहिल्याने मोठ्यांतही.

आणखी एक गोष्ट पशुवैद्यांनी स्पष्ट केली: लागण झाल्यावर रक्तात प्रतिपिंडं दिसायला आठवड्यांपासून कित्येक महिन्यांपर्यंत वेळ लागतो. म्हणजे बाकीच्यांचा आजचा निगेटिव्ह हा आजचाच. मार्चमध्ये पुन्हा तपासणी.

गौरी विक्रीतून बाहेर. तिच्याऐवजी रेवा जाणार. गौरीला वेगळा कप्पा केला, मध्ये दोन कुंपणं आणि त्यांत रिकामी जागा, म्हणजे बाकीच्या तिला दिसतील पण नाकाला नाक लागणार नाही. तिची धार सगळ्यात शेवटी, भांडं वेगळं.

१८ जानेवारी
ज्यांनी ज्यांनी येतो म्हटलं होतं त्या सगळ्यांना फोन करून सांगितलं: कळपात एक पॉझिटिव्ह निघाली आहे, तुम्हाला हवी असलेली निगेटिव्ह आहे, पण तपासणी एकदाच झाली आहे.

काहींनी सीएई म्हणजे काय विचारलं, आणि समजावल्यावर बघू म्हणाले. यांत्रिक धारेचा गोठा असलेले एक दादा काळीसाठी जवळजवळ पक्के होते. ते थांबले. "माझ्याकडे सगळ्या निगेटिव्ह आहेत, वर्षानुवर्षं राखल्यात. दुसरी तपासणी स्वच्छ आली तर कळवा, तोवर नको." बरोबर केलं त्यांनी. त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. काळी अशाच घरी जायला हवी असं उलट जास्त वाटायला लागलं, आणि तिला मार्चपर्यंत राखून ठेवली.

टिकलीला मार्च नाही, ही अडचण तशीच आहे.

२१ जानेवारी
ढवळीसाठी एक निवृत्त जोडपं. दाराशी पाण्याची बादली आणि जंतुनाशक ठेवलं आहे, येणाऱ्याने चपला-बूट बुडवून आत यायचं. लोक एका दिवसात तीन-चार गोठे फिरतात. त्या काकू बुटांचे तळवेही घासून आत आल्या, तेव्हाच मला बरं वाटलं.

त्यांना एकच शेळी हवी होती. मी खंड्याला मोकळं सोडलं. तो नेहमीप्रमाणे काकांच्या शर्टाचं टोक चघळायला लागला. एकटी शेळी ओरडत राहते, खाणं सोडते, दूध कमी होतं, आणि मग ओरडते म्हणून विकली जाते. हे सांगितलं. खंड्याबद्दलही सांगितलं: त्याला दुभत्या शेळीचा खुराक घालायचा नाही. खच्ची बोकडाला धान्य जास्त झालं की मूत्रमार्गात खडे अडकतात आणि लघवी बंद होते, ते दोन दिवसांत जिवावर बेततं. त्याला चारा, पाणी भरपूर, बस. ढवळीचा खुराक धारेच्या वेळी वेगळ्या भांड्यात.

काकूंनी धार काढली. पूर्वी गाईची काढत होत्या, त्यामुळे बोटं ओढत होत्या. शेळीचा सड वर अंगठा-तर्जनीने बंद करून खाली दाबायचा, ओढायचा नाही. पाच मिनिटांत जमलं. ढवळी पायही न हलवता उभी. काका म्हणाले, "हिचं शेवटपर्यंत आम्ही बघू. फार दुखायला लागलं तर डॉक्टरांना बोलावू, ओढत ठेवणार नाही." मी विचारायच्या आत बोलले.

विसार घेतला. कुंपणाचं काम बाकी आहे, झाल्यावर नेतील.

२५ जानेवारी
पिंगी गेली. घेणारे काका शेळ्यांत मुरलेले, त्यांचा कळप सगळा शिंगवाला, जागा ऐसपैस. पिंगीने त्यांच्यासमोर चांदीला दोनदा धडक दिली. ते हसले, "आमच्याकडे हिला उत्तर मिळेल." पहिले चार आठवडे वेगळी ठेवणार आहेत, मी न सांगता म्हणाले. व्यवहार उभ्या उभ्या.

२९ जानेवारी
त्या प्रश्नवाल्या बाई आल्या. संध्याकाळी, धारेच्या वेळीच बोलावलं होतं. भुरीची कास भरलेली असताना, मग रिकामी झाल्यावर, दोन्ही बघता आली पाहिजे. काही जण विकायच्या आदल्या दिवशी धारच काढत नाहीत. कास तुंबवून मोठी दाखवतात. शेळीला ते दुखतं, आणि घेणाऱ्याला गाठ, कडकपणा काहीच कळत नाही. बाईंना ही युक्ती माहीत होती. धार संपल्यावर त्यांनी दोन्ही बाजू तळहाताने चाचपल्या. पहिल्या चार धारा काळ्या कपात काढून गुठळी आहे का पाहिली, सीएमटीचं, म्हणजे कासदाह ओळखायच्या चाचणीचं, द्रवही बरोबर आणलं होतं. दोन्ही बाजू स्वच्छ.

त्यांच्याकडे आज एकही शेळी नाही. दोन वर्षं दुसऱ्याच्या गोठ्यावर काम केलं आहे, आता स्वतःचं सुरू करायचंय. गौरीचं सगळं ऐकून घेतलं, अहवालाची प्रत मागितली, आणि म्हणाल्या, "माझ्याकडे लागण व्हायला दुसरी शेळीच नाही. धोका आहे तो या दोघींपुरता. मार्चमध्ये मी पुन्हा तपासून घेते. पॉझिटिव्ह आली तर?" मी म्हटलं, परत घेईन, पैसे परत. हे कागदावर घालू म्हणाल्या.

आत्या आत गेल्यावर म्हणाली, ही घासाघीस करत नाही म्हणजे हिला नक्की काय हवंय ते कळलंय. मला वाटतं घासाघीस त्यांनी केली, फक्त पैशांवर केली नाही.

१ फेब्रुवारी
त्यांची जागा पाहायला गेले. गोठा छोटा, कोरडा, वाऱ्याची वाट वरून, शेळ्यांच्या अंगावर झोत नाही. गव्हाण उंचावर, पाय घालून चारा तुडवता येणार नाही अशी. कुंपणाची जाळी खालून पक्की, कुत्र्यासाठी. कुंपणाबाहेर, पण मान पोचेल इतक्या अंतरावर कण्हेर फुललेली. कण्हेरीची थोडीशी पानंसुद्धा शेळीचं हृदय बंद पाडू शकतात, आणि छाटलेली वाळकी पानं तितकीच विषारी. दाखवल्यावर त्यांनी माझ्यासमोर भावाला हाक मारली आणि फांद्या गोळा करून लांब टाकायला सांगितलं. झाड परवापर्यंत मुळासकट निघेल म्हणाल्या. धारेला बदलीचं माणूस हाच भाऊ. त्यालाही इथे येऊन शिकून जा म्हटलं.

५ फेब्रुवारी
भाऊ येऊन धार शिकून गेला. कण्हेरीच्या खड्ड्याचं छायाचित्र घेऊन आला होता, न मागता.

करारनामा एका पानाचा, दोन प्रती. दोघींची ओळख कानातल्या बिल्ल्याच्या क्रमांकासह. टिकली १९ मार्चच्या आसपास व्यायची, गाभण असल्याची सोनोग्राफीने खात्री झालेली, करडं किती याची हमी नाही. दुधाचे आकडे हे इथले, तिथल्या दुधाची हमी नाही. सीएईची अट. आणि शेवटची ओळ: पुढे कधी विकायची झाली तर आधी मला कळवायचं. या ओळीला कायद्याने किती वजन आहे यावर मी झोप घालवत नाही. फोन करायला कारण राहतं.

९ फेब्रुवारी
भुरी आणि टिकली गेल्या. सकाळची धार काढून, पोटभर चारा देऊन. गाडीत घसरू नये म्हणून जाड गवताचा थर, दोघी मोकळ्या, गळ्यात दोरी नाही. पशुवैद्यांचा आरोग्य दाखला बरोबर. दहा दिवस पुरेल इतका इथला चारा आणि खुराक पोत्यांत भरून दिला. रोज थोडा जुना कमी, थोडा नवा जास्त. पोटातले सूक्ष्मजीव नव्या अन्नाला सरावायला तेवढा वेळ घेतात. एकदम धान्य बदललं की पोट आंबतं, आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात जंतूंचं विष तयार होण्याची, भीती असते. आंत्रविषाराची लस टिकलीला व्यायच्या महिनाभर आधी पुन्हा द्यायची, म्हणजे चिकातून करडांना मिळते. तारीख पानावर लाल शाईने.

ढवळी आणि खंड्याही आजच गेले. कुंपण झालं. एकाच दिवशी दोन गाड्या नको होत्या, पण तसं जमून आलं.

१२ फेब्रुवारी
भुरीचं दूध दोन दिवसांत निम्म्यावर. बाई फोनवर शांत होत्या, मी आधीच सांगून ठेवलं होतं. जागा, हात, वेळ सगळं बदललं की पान्हा चोरतात. खाणं-रवंथ चालू आहे, ताप नाही (३९.२ अंश सेल्सिअस, शेळीचं एरवीही तेवढं असतं), लेंड्या गोळीच्या आहेत, तर थांबा.
ढवळी छान. खंड्याने काकांची टोपी खाल्ली.

१९ फेब्रुवारी
भुरी जवळपास पूर्वीच्या दुधावर आली.

२२ फेब्रुवारी
राजा. दुभत्या शेळीसाठी दहा फोन येतात तिथे बोकडासाठी एखादा. कारण उघड आहे. एक बोकड तीस-चाळीस शेळ्यांना पुरतो, वर्षातले काही आठवडे कामाचा आणि बाकी वेळ स्वतःच्या दाढीवर मुतून वास मारत हिंडणारा. त्याला वेगळं कुंपण लागतं. आणि दोन-तीन वर्षांनी त्याच्याच मुली समोर उभ्या राहतात, की पुन्हा तोच प्रश्न. त्याला मांसासाठी द्यायचं का, यावर आत्या आणि मी सरळ बोललो. ते चुकीचं आहे असं आमच्यापैकी कुणाचंच म्हणणं नाही. दुधाच्या धंद्यात जन्मणाऱ्या नरांपैकी बहुतेकांचं तेच होतं आणि दूध पिणाऱ्याने त्याकडे पाठ फिरवू नये. पण त्याची आई आणि मुली दोन्ही चांगल्या दुधाच्या आहेत, म्हणून पैदाशीसाठी घर मिळतं का ते एप्रिलअखेरपर्यंत बघायचं. त्यानंतर नाही.

आज एकजण येऊन गेले, बोकड पसंत. बोलता बोलता कळलं की त्यांच्या शेळ्यांनाही जन्मतःच शिंगं नाहीत. राजालाही नाहीत. त्यांना ते चांगलंच वाटत होतं, डागायचा त्रास वाचेल. पण दोन्हीकडून बिनशिंगी जनुक मिळालेल्या मादी करडांमध्ये नर-मादी मिश्र, वांझ जनावरं निघतात. सानेनसारख्या जातींत हे चांगलं माहीत असलेलं आहे. बोकड बिनशिंगी असेल तर शेळ्या शिंगांच्या वंशातल्या हव्यात. डागलेल्या चालतील, कारण डागण्याने जनुक बदलत नाही. त्यांनी दोन मिनिटं विचार केला आणि आभार मानून गेले. राजा इथेच.

१२ मार्च
दुसऱ्यांदा रक्त गेलं. भुरी-टिकलीचंही तिकडे घेतलं. टिकली व्यायच्या इतकी जवळ आली असताना प्रतिपिंडं रक्तातून चिकात ओढली जातात, निकाल फसवा येऊ शकतो, म्हणून तिचं व्याल्यावर पुन्हा करायचं असं पशुवैद्य म्हणाले.

१८ मार्च
टिकली आज पहाटे व्यायली, एक दिवस आधी. दोन करडं, एक पाट, एक बोकड. बाईंचा फोन साडेपाचला. अहवाल अजून आला नसल्याने करडांना आईला न लावता चीक वेगळा काढायचं आधीच ठरलं होतं. चीक ५६ अंशांवर तासभर. त्याने विषाणू मरतो. ६० च्या वर गेला तर घट्ट होतो आणि त्यातली ताकदही जाते, म्हणून तापमापक भांड्यात आणि माणूस समोर. मात्र पहिला चीक करडाच्या पोटात काही तासांतच जायला हवा. भुरीचा मागच्या वेताचा चीक असाच तापवून मी गोठवून ठेवला होता, तो बरोबर दिला होता. पहिलं पाजणं त्याचंच झालं. दुसरं टिकलीच्या स्वतःच्या. भाऊ तापमापक धरून बसला होता म्हणे.

२१ मार्च
निकाल. काळी, रेवा, चांदी, तिन्ही पाटी, राजा निगेटिव्ह. भुरी निगेटिव्ह, टिकलीही, पण तिचं पुन्हा व्हायचंय. गौरी पुन्हा पॉझिटिव्ह. आता तिच्याबाबत शंका नाही. ती राहणार, तिची करडं जन्मल्याबरोबर वेगळी करून तापवलेल्या चिकावर वाढवायची.

काळीच्या दादांना दोन्ही अहवाल पाठवले. पंधरा मिनिटांत फोन.

२३ मार्च
दादा स्वतःचं यंत्र घेऊन आले, कारण काळीला आजवर फक्त हाताची सवय. आवाजाला दचकली, कप लागल्यावर एक लाथ, मग खुराकात तोंड घातलं. त्यांनी यंत्र काढून शेवटचं दूध हाताने काढून बघितलं, किती मागे राहतं ते. थोडं राहत होतं. "आठवड्यात उतरेल," म्हणाले. रेवाला आधी नाही म्हणत होते. काळीचं दूध खाली आलं की एकटेपणाने आलं की यंत्राने, हे तुम्हालाच कळणार नाही, असं आत्याने सांगितलं. त्यावर ते हसले आणि दोघी घेतल्या. त्यांच्याकडेही महिनाभर वेगळ्या राहतील, दोघी सोबत असल्याने निभेल.

काळीचं पान देताना वरचा आकडा आणि आजचा आकडा दोन्ही वाचून दाखवले. त्यांनी आजच्या आकड्यावर किंमत धरली, ती मला मान्य होती.

२६ मार्च
रानाची किल्ली परत केली. पाच शेळ्या घराजवळच्या जागेत, गौरी तिच्या कप्प्यात. राजासाठी कोपऱ्यात तात्पुरतं कुंपण, पाटींपासून शक्य तितकं लांब.

त्याच्यासाठी शनिवारी एकजण येणार आहेत. त्यांच्या शेळ्यांना शिंगं आहेत की डागलेली आहेत की जन्मतःच नाहीत, हे या वेळी फोनवरच विचारून घेतलं. डागलेली आहेत. डागायच्या आधीची करडांची छायाचित्रं घेऊन या म्हटलं आहे.